शेपूट

ओउलूच्या प्रयोगशाळेत, तळघरात,
पोलादी दाराची एक खोली आहे.
बाहेरचा एकही सिग्नल तिथे शिरत नाही.
तिथे मी फोनची बॅटरी काढून ठेवते
आणि तिच्या जागी तांब्याच्या दोन पट्ट्या बसवते.
फोनला वाटतं, पोट भरलेलं आहे.
तो खातो ते माझ्या तारेतून खातो,
आणि घासाघासाची नोंद होते,
सेकंदाला पाच हजार वेळा.

मी एक शब्द पाठवते, "बरं."
पडद्यावर रेषा कड्यासारखी उभी राहते.
शब्द गेला. पाव सेकंद.
पण रेषा खाली येत नाही.
दहा सेकंद, अकरा,
रेडिओ जागाच, दार उघडं टाकून:
उलट कुणी काही बोललं तर?
कुणी बोलत नाही.
मग ती उतरते, पायरी पायरीने,
पाहुणा न आल्यावर कंदील विझवावा तशी.

याला आम्ही शेपूट म्हणतो.
बोलायला जेवढं लागलं
त्याच्या नऊपट वाट बघायला.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
टाइस्तो, माझा वरिष्ठ, म्हणतो,
"लिही, ज्यूल प्रति संदेश.
कंदील वगैरे नको."

आर्मासमामा वर राहतो, इनारी सरोवराच्या काठी.
बर्फाला भोकं पाडून खाली जाळं सोडतो.
टॉवर पार पलीकडच्या तीरावर,
हाकेच्या अंतरावर नाहीच,
म्हणून त्याच्या फोनला ओरडावं लागतं
आणि ओरडण्याचे पैसे बॅटरी भरते.
उणे अठ्ठावीसमध्ये ती तशीही अर्धमेली.
फोन तो काखेत सांभाळतो,
हातमोजा दातात धरून लिहितो, एका बोटानं:

"जाळं ओढलं."
"सात."
"एक मोठा."
"कुत्रीनं त्याचं शेपूट खाल्लं."

चार संदेश, मध्ये चाळीस-चाळीस सेकंद,
म्हणजे चार कडे आणि चार शेपटं,
शिवाय कुत्रीनं खाल्लेलं पाचवं.

मामाचा मंगळवार मी टेबलावर मांडला,
सिग्नल मुद्दाम क्षीण करून, वेळा त्याच्याच धरून.
आकडा बघून फोन लावला.
"मामा, साठवून लिही. सगळं एकदम."
"बरं," म्हणाला.
माणूस जाळ्याचा,
एकेक मासा घरी नेत नाही.

तेव्हापासून रविवारी संध्याकाळी
एक लांबलचक संदेश येतो:
आठवड्याचे मासे, वारा, कुत्रीचा पंजा,
बर्फाची जाडी बोटांच्या मापात, शेवटी "हिल्का, जेवत जा."
बॅटरी दोनाचे पाच दिवस चालते.
टाइस्तोनं आलेख अहवालात घेतला,
खाली नाव: वापरकर्ता ४.

मग एका रात्री मी नुसता गप्प फोन मोजला.
काही जात नाही, काही येत नाही.
रेषा सपाट. जवळ गेले तर सपाट नव्हती.
दर सव्वा सेकंदाला एक बारीक टोचा:
माझं नाव घेतलं का कुणी?
नाही.
पुन्हा झोप.
पुन्हा: घेतलं का?
दिवसाला साडेसदुसष्ट हजार वेळा.
खर्च किरकोळ, तळटीपेत मावेल असा.

बुधवारी पोलादी दार लोटून बाहेर आले,
कपाटातून माझा फोन घेतला,
कॉफीच्या यंत्रात नाणं टाकलं,
आणि हातातच तो थरथरला.
बुधवारी.
"नऊ."
एवढंच.

घड्याळाकडे बघितलं.
तिकडे बर्फावर त्याचा रेडिओ अजून वर असणार,
दार उघडं टाकून.
कॉफी सांडली तरी आधी ओ दिली:
"मोठा कोणता?"

यानं त्याचं शेपूट
आणखी अकरा सेकंदांनी लांबतं.
ठाऊक आहे मला.
मोजलंय मी.